चकाकणाऱ्या दहा पुंगळ्या

फेर्मो झुबानीच्या काडतुसांच्या पुंगळ्या दिसायला अगदी गलिच्छ असायच्या, आणि सेवेरिनोचा सगळा राग तिथेच होता. दिसायला छान असून टिकल्या असत्या तर माणूस एक वेळ समजून घेतो. पण त्या होत्या मोरीतल्या जुन्या नळासारख्या काळपट, बुडाशी डाग, तोंडाशी निळसर झाक, आणि तरी मेल्या फुटायच्या नाहीत. पंधरा-पंधरा वेळा भरा, झाडा, परत भरा. सेवेरिनोच्या पुंगळ्या मात्र सोन्यासारख्या लखलखीत, आणि चौथ्या-पाचव्या बाराला तोंडापासून तडकून मोकळ्या. तीस वर्षं हेच चाललं होतं. तीस वर्षं एका माणसाच्या पोटात दुखत राहिलं, तर त्याचं काय होतं ते सेवेरिनो पिंतोसीकडे बघून कळायचं.

आमच्या लोद्रिनो गावात बारा व्हेटर्ली बंदुका आहेत. राजाच्या काळातल्या, माणसाच्या खांद्याला येतील एवढ्या लांब. त्यांची काडतुसं करणं कारखान्यांनी आमच्या आजोबांच्याही आधी सोडून दिलं. पण दर चार डिसेंबरला, बंदूकवाल्यांच्या संत सांता बार्बराच्या सणाला, गावच्या नेमबाज मंडळाने त्या बाहेर काढल्या नाहीत तर वर्ष संपल्यासारखं वाटत नाही कोणाला. आता काडतूस नाही तर बंदूक म्हणजे नुसती काठी. म्हणून पुंगळ्या घरीच कराव्या लागतात, आणि त्या करणं म्हणजे खायचं काम नाही.

जुन्या फ्रेंच लष्करी रायफलीच्या झाडलेल्या पुंगळ्या मिळवायच्या. व्हेटर्लीच्या पुंगळीचं आणि हिचं बूड जवळपास सारखंच, पण फ्रेंच पुंगळी उंच आणि निमुळत्या मानेची. तिची मान कापायची. कापलेलं तोंड ज्योतीवर तापवून नरम करायचं, साच्यात दाबून रुंद करायचं. एवढ्यानेही ती बंदुकीत नीट बसत नाही. मग पुंगळीत चिमूटभर दारू, त्यावर मक्याचं पीठ, वर मेणाचं बूच, असं भरून बार काढायचा. गोळी नाहीच, नुसतं पीठ. बाराच्या जोराने पितळ बंदुकीच्या पोटाला जाऊन चिकटतं आणि बाहेर येतं ते व्हेटर्लीचं होऊन. त्या दिवशी मैदानावर पिवळा धुरळा उडतो आणि शेजारच्या कोंबड्या पंख फडफडवत धावत येतात. त्यांना आता बाराची भीतीच राहिलेली नाही.

पीठ अर्थातच घरातल्या पोलेंटाचं, म्हणजे आमच्या रोजच्या मक्याच्या घाट्याचं.

"अरे, जेवायला काही ठेवशील की सगळं हवेतच उडवणार आहेस?" सेवेरिनोची बायको सांतीना डब्यात डोकावून म्हणायची.

"दोन वाट्या घेतल्या फक्त."

"तुझ्या दोन वाट्यांत आठ माणसं जेवतात, सेवेरिनो."

पण बोलून झालं की तीच डब्यातलं बारीक पीठ वेगळं काढायची. कारण तिलाही ते लागायचं. सांतीनाची आई गावच्या चर्चची झाडलोट करायची. वेदीवरचे पितळी दिवे अमोनियात कालवलेल्या मक्याच्या पिठाने घासायची, आणि ते दिवे असे चमकायचे की प्रवचन सोडून लोक त्यांच्याकडेच बघत. आईचं ते कसब लेकीने उचललं. दर शनिवारी दुपारी रस्त्याकडच्या खिडकीत टेबल ओढून ती बसायची, नवऱ्याच्या नव्या पुंगळ्यांना तो लेप लावायची, फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची आणि मग चोळायची. घरभर नाकाला झोंबणारा वास. डोळ्यांना पाणी. पण एकेक पुंगळी उजेडात धरून बघताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते बघून सेवेरिनो वासाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

शनिवारी चारच्या सुमारास फेर्मो खिडकीखालून जायचा. बारमध्ये पत्ते कुटायला. खिडकीपाशी त्याची चाल मंदावायची, तो टोपीला हात लावायचा, सांतीना मान हलवायची, आणि तो पुढे जायचा.

"गुडघा गेलाय वाटतं त्याचा," सेवेरिनो म्हणायचा, आणि त्याला जरा बरं वाटायचं.

फेर्मोचं लग्न झालेलं नव्हतं. खाली गार्दोने गावच्या बंदुकांच्या कारखान्यात तो नळ्या तापवायच्या भट्टीवर होता. सेवेरिनो त्याच कारखान्यात बंदुकीचे लाकडी दस्ते कोरायचा. अक्रोडाच्या लाकडात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण मैदानावर पुंगळी तडकली की कोणीतरी हटकून म्हणायचं, "लाकूडवाल्याचं पितळ!" आणि सगळे हसायचे. फेर्मो हसायचा नाही. तो खाली वाकून ती फुटकी पुंगळी उचलायचा आणि खिशात टाकायचा. हे तर सेवेरिनोला हसण्याहून जास्त लागायचं. माझी फजिती घरी घेऊन जातो, मेला!

गेल्या वर्षी ऑक्टोबरात ओर्सोलाबाईंनी फर्मान काढलं. ओर्सोला बेल्लेरी म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष. निवृत्त शिक्षिका, अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले.

"यापुढे बाराही बंदुकांना एकाच्याच हातच्या पुंगळ्या," बाई म्हणाल्या. "दोघांच्या मिसळतात, मोजमाप चुकतं, सणाच्या दिवशी बंदूक अडकते. तुम्ही दोघांनी दहा-दहा आणायच्या. मैदानावरच भरायच्या, झाडायच्या, सहा वेळा. ज्याच्या जास्त टिकतील, त्याच्याकडे कपाटाची किल्ली."

किल्ली! बंदुकांच्या कपाटाची ती किल्ली वीस वर्षं सेवेरिनोच्या बापाच्या कमरेला होती. सणाच्या सकाळी बाप कपाट उघडायचा तेव्हा सगळं गाव टोप्या काढून उभं असायचं, आणि छोटा सेवेरिनो सर्वांत पुढे. बाप गेला, किल्ली मंडळाच्या खणात गेली. ती आपल्या घरी परत यावी एवढी एकच गोष्ट सेवेरिनोने आयुष्यात मनापासून मागितली होती, आणि आता ती जाणार होती त्या काळ्या पुंगळीवाल्याकडे!

पहिल्या परीक्षेला त्याच्या दहांतल्या पाच फुटल्या. फेर्मोच्या दहाच्या दहा शाबूत.

"फ्रेंच पितळच खराब होतं या वेळचं," सेवेरिनो तावातावाने म्हणाला. "एकाच परीक्षेवर निकाल लावणार, बाई? शाळेत नापास पोरांचीसुद्धा परत परीक्षा घ्यायचात!"

"तुझी तीनदा घेतली होती," बाई म्हणाल्या. लोक खो खो हसले. पण बाईंनी नोव्हेंबरातला शेवटचा रविवार दिला. "नव्या दहा. त्यानंतर मात्र माझ्या दारात यायचं नाही."

त्या दिवशी सेवेरिनोने आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली. बाकावरची फेर्मोची एक पुंगळी त्याने खिशात सरकवली. घरी येऊन ती लोखंडी पकडीत धरली आणि बारीक करवतीने उभी चिरली. आत काय असणार? पितळच! जाडी तीच, कापलेली कड तीच. त्याने स्वतःची फुटकी शेजारी ठेवली. दोघी बहिणी-बहिणी. एक उटणं लावून न्हालेली आणि एक राखेत लोळलेली, एवढाच फरक.

"त्याला काहीतरी माहितीय," तो जेवताना म्हणाला. "भट्टीवरची काहीतरी विद्या आहे. सांगत नाही, लबाड!"

"विचारलंस कधी?" सांतीना म्हणाली.

"मी? त्याला विचारू?"

"नको विचारू. पोलेंटा गार होतोय. आणि हे बघ, या वेळी नव्या दहांना मी लेप दोनदा लावते. बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली पाहिजे."

त्याला जेवण गेलं नाही. पुढचे दहा-बारा दिवस त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. फेर्मो चीज घेताना दिसला तरी वाटायचं, बघा कसा चालतोय, माहितीचं गाठोडं घेऊन. शेवटी एका गुरुवारी सकाळी फेर्मो लाकडं आणायला रानात गेलेला बघून सेवेरिनो त्याच्या कामाच्या खोलीत घुसला. घुसला म्हणजे काय, लोद्रिनोत दाराला कुलूप लावतं कोण! कडी काढली आणि आत.

खोली स्वच्छ होती. ज्योतीचा दिवा, साचे, दाबयंत्र, सगळं त्याच्याकडे होतं तसंच. कुठे काही जादू नाही. मग त्याला वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला. डब्यात त्याच्याच फुटक्या पुंगळ्या होत्या. दोन-तीनशे असतील. वर्षावर्षाच्या, दोऱ्याने बांधलेल्या जुड्या. डब्याशेजारी एक काचेची बरणी, घट्ट झाकणाची. आत तीन काळपट पुंगळ्या दोऱ्याला टांगलेल्या, बुडाशी वाळून गेलेला पांढरा थर. त्या तिन्ही फेर्मोच्या होत्या, आणि तिन्ही तोंडापासून तडकलेल्या होत्या. हुबेहूब सेवेरिनोच्या तडकतात तशा. बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली: "अमोनिया. मार्च ९४."

सेवेरिनोने झाकण फिरवलं. इतक्या वर्षांनी वास उरला नसणारच. पण त्याला तो आला. त्याच्या घरचा शनिवारचा वास.

"सापडलं?" मागून आवाज आला. फेर्मो दारात उभा होता, खांद्यावर मोळी.

चोरी पकडली गेल्याची लाज वाटायला सेवेरिनोला सवडच नव्हती. "याने फुटतात?"

"याने. दाबलेलं पितळ अंगात ताण धरून असतं. त्याला अमोनिया लागला की ते आतून चिरत जातं, डोळ्याला दिसत नाही. मग बार बसला की फुटतं." फेर्मोने मोळी खाली ठेवली. "चर्चच्या दिव्यांना काही होत नाही. त्यांच्यातून कोणी बार काढत नाही ना."

"आणि हे तुला चौऱ्याण्णवपासून माहितीय?"

"तारीख लिहिलीय की."

"एकोणतीस वर्षं!" सेवेरिनोचा आवाज फाटला. "एकोणतीस वर्षं माझी गंमत बघत बसलास? लाकूडवाला, लाकूडवाला म्हणून गाव हसत होतं, आणि तू माझ्या पुंगळ्यांच्या जुड्या बांधत होतास? माणूस आहेस का कोण आहेस?"

"दोनदा आलो होतो सांगायला. तुझ्या दारापर्यंत."

"मग? दाराला काटे होते?"

फेर्मो बाकावर बसला. टोपी काढून हातात फिरवायला लागला. "खिडकीत ती बसली होती. एक पुंगळी उजेडात धरून बघत होती. मग तिच्यावर फुंकर मारली, परत पुसली, आणि हसली. एकटीच. कोणी बघतंय म्हणून नाही." त्याने टोपी बाजूला ठेवली. "तुला सांगितलं असतं तर तू घरी जाऊन काय केलं असतंस, सेवेरिनो? तुझं तोंड मला माहीत आहे. तू म्हणाला असतास, तूच माझी वाट लावलीस. तिने परत हात लावला असता पुंगळ्यांना?"

सेवेरिनोने बरणी परत फळीवर ठेवली. तो अगदी हेच म्हणाला असता. या क्षणीसुद्धा तेच वाक्य त्याच्या जिभेवर होतं.

"माझी बायको आहे ती," तो म्हणाला.

"म्हणून तर गप्प बसलो."

"आणि तो गुडघा?"

"कसला गुडघा? माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत," फेर्मो म्हणाला, आणि मग आपण काय बोलून गेलो ते कळून मानेपर्यंत लाल झाला.

सेवेरिनो घरी निघाला तो रस्ता सोडून वरच्या कुरणातून. त्याला माणूस नको होता. तीस वर्षं ज्याच्या पुंगळ्यांवर तो जळत होता, त्या पुंगळ्या आता त्याला कवडीमोलाच्या वाटत होत्या. फेर्मोने त्याहून मोठी गोष्ट करून ठेवली होती. सांतीनाचं हसू त्याने एकोणतीस वर्षं जपलं होतं, नवऱ्याला न कळता, नवऱ्याच्या नाकासमोर, दर शनिवारी चार वाजता! आणि नवऱ्याने काय केलं होतं? वास सहन केला होता. बस. एवढंच. सेवेरिनोला आठवेना, आपण तिला पुंगळ्या घासताना शेवटचं नीट कधी बघितलं. आपल्याच घरातलं काहीतरी कोणीतरी बाहेर उभा राहून इतकी वर्षं भोगत होता, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्याला किल्ली आठवली. आता ती किती सोपी होती! नव्या दहा पुंगळ्या करायच्या आणि सांतीनाच्या हातात द्यायच्याच नाहीत. काळ्या तर काळ्या. नरम करण्यात तो फेर्मोहून उणा नव्हता, साच्यावर त्याचा हात तर जास्तच हलका होता. निदान बरोबरी नक्की, आणि बरोबरी झाली तर बापाची पुण्याई बघून बाईंनी किल्ली त्यालाच दिली असती. बापाची किल्ली. सणाची सकाळ. उघडणारं कपाट.

शनिवारी दहा पुंगळ्या तयार झाल्या. पीठ उडवून, धुऊन, वाळवून. खिशात घेऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला. सांतीनाने टेबल खिडकीत ओढलं होतं. वाटीत लेप कालवला होता, फडकी घडी करून ठेवली होती, आणि चष्मा कपाळावर.

"आण," ती म्हणाली. "इतका वेळ काय करत होतास?"

त्याला फक्त म्हणायचं होतं, या वेळी राहू दे. चार शब्द. ती "का?" म्हणाली असती, आणि मग आज ना उद्या तिला सगळं कळलं असतं. तीस वर्षं आपण काय घासत होतो ते. फेर्मोला हे शब्द दोनदा बोलता आले नव्हते. फेर्मोला! आणि आपण लग्नाचे नवरे असून पहिल्या झटक्यात बोलून टाकायचे?

"हे घे," सेवेरिनो म्हणाला, आणि दहाही पुंगळ्या टेबलावर ओतल्या. "दोनदा लाव लेप. म्हणाली होतीस ना."

मग नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी मैदानावर त्या दहा पुंगळ्या बाकावर मांडल्या तेव्हा लोकांनी खरोखर डोळ्यांवर हात धरले. बाई म्हणाल्या, "अरे बाप रे." फेर्मो स्वतःच्या काळ्या पुंगळ्या मांडत होता, त्याचा हात तिथल्या तिथे थांबला. त्याने सेवेरिनोकडे बघितलं. सेवेरिनोनेही त्याच्याकडे बघितलं, अगदी निवांत.

तिसऱ्या बाराला दोन फुटल्या. चौथ्याला तीन. कोणीतरी "लाकूडवाला!" म्हणालं. सहावा बार झाला तेव्हा सेवेरिनोच्या तीन उरल्या होत्या आणि फेर्मोच्या दहा. बाईंनी किल्ली काढून फेर्मोच्या तळहातावर ठेवली. सेवेरिनोने ती किल्ली बघितली. दांडीवर बापाने कानस मारल्याची खूण अजून होती. कोणी काळजात हात घालून पिळावं तसं त्याला झालं. खोटं कशाला सांगा.

पण फेर्मो किल्लीकडे बघतच नव्हता. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तिला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? छान चकाकतात की."

फेर्मोचा चेहरा पडला. हातात किल्ली असून असा पडलेला चेहरा गावाने कधी बघितला नव्हता. एकोणतीस वर्षं जी गोष्ट त्याच्या एकट्याची होती, ती आता त्याच्या एकट्याची राहिली नव्हती. फुटक्या पुंगळ्या बाकावर विखुरल्या होत्या. या वेळी तो त्या उचलायला वाकला नाही. सेवेरिनोने स्वतः वाकून सातही उचलल्या आणि खिशात टाकल्या.

"हरलास?" घरी सांतीनाने विचारलं.

"हरलो."

"मग मिशीतल्या मिशीत हसतोयस काय?" तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. "चमकत होत्या का पण?"

"बाई म्हणाल्या, अरे बाप रे."

सांतीना एवढी खुश झाली की तिने त्या दिवशी पोलेंटावर चीज दुप्पट घातलं.

पुढच्या शनिवारी तिने नेहमीसारखं टेबल खिडकीत ओढलं. आता पुंगळ्या मंडळासाठी नाहीत, घरच्याच आहेत, तरी घासायच्या म्हणाली; सवय झालीय हाताला. सेवेरिनोनेही खुर्ची ओढली, आणि रस्त्याकडे पाठ करून अगदी खिडकीत बसला. खांदे रुंद. लाकूडवाल्याचे.

"अरे, तिथे काय बसलायस? उजेड अडतोय माझा."

"मला इथूनच दिसतं."

"काय दिसतं?"

"तू," सेवेरिनो म्हणाला.

"चाळे बघा म्हाताऱ्याचे! सरक, मला पुंगळी दिसत नाहीये."

चार वाजले. खाली रस्त्यावर पावलं आली. खिडकीपाशी मंदावली, आणि या वेळी चक्क थांबली. सांतीना मान उंच करून बघायला लागली, तसे सेवेरिनोने खांदे आणखी पसरले. जरा वेळाने पावलं पुढे निघून गेली, भराभर. सेवेरिनो जागचा हलला नाही.